ईश्वरीची वेल आणि गरुडशलभ

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या परसांत कढीलिंबाचें झाड आहे, त्यांनीं एक गोष्ट पुष्कळदां पाहिली असेल. पावसाळ्याच्या दिवसांत त्याच्या कोंवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा एक लहानसा किडा बसलेला असतो. कांहीं दिवसांनीं तोच पानासारखा हिरवागार होऊन करंगळीएवढा जाड होतो, आणि फोडणीसाठीं पानें आणावयास गेलेल्या सूनबाईंना एखादी डहाळी पार उघडी पडलेली आढळते. घरांत थोडी कुरकुर होते, कोणी तरी तो किडा काठीनें उडवितो, आणि प्रकरण तेथेंच मिटतें. परंतु हाच किडा शेजारच्या तुळशीवर किंवा जास्वंदीवर कधींच कां दिसत नाहीं, असा प्रश्न आपणांपैकीं फारच थोड्यांनीं स्वतःस विचारला असेल. आम्हीं तर तो पन्नाशी उलटेपर्यंत विचारला नव्हता. वेळींच न विचारल्यामुळें आमच्या हातून एक चूक घडली. ती आज वाचकांपुढें ठेवावी असें मनांत आहे. परंतु तत्पूर्वीं थोडी प्रस्तावना करणें अवश्य आहे.

फुलपांखराच्या दोन भुका असतात. पंख फुटल्यानंतरची भूक उदार असते. मध मिळेल त्या फुलावर तें उतरतें. परदेशांतून आलेली घाणेरीहि त्याला वर्ज्य नाहीं. सुरवंटपणींची भूक मात्र कमालीची सोंवळी असते. वनस्पति म्हणजे कोणींहि यावें आणि पोटभर जेवून जावें असें अन्नछत्र नव्हे. जवळजवळ प्रत्येक वनस्पतीनें आपल्या पानांत कडू, उग्र किंवा विषारी द्रव्यें सांठवून खाणाऱ्यांस दूर ठेवण्याची तजवीज केलेली असते. लक्षावधि वर्षांच्या ओघांत सुरवंटांच्या एकेका जातीला एखाददुसऱ्या वनस्पतिकुळाचीं हीं द्रव्यें पचविण्याची युक्ति साधली, आणि त्याच्या मोबदल्यांत बाकीचें सारें रान त्या जातीला निरुपयोगी झालें. म्हणूनच अंडें घालण्यापूर्वीं मादी पानावर उतरून तें पुढच्या पायांनीं चाचपून पाहते. तिच्या पायांच्या टोकांशीं चव ओळखणारीं इंद्रियें आहेत. चव जुळली तर ती अंडें घालते, नाहीं तर पुढें जाते. कढीलिंबावरच्या सुरवंटाला लिंबू, महाळुंग, बेल अशीं पुष्कळ सगोत्र झाडें चालतात. तेव्हां त्याची काळजी करण्याचें कारण नाहीं. परंतु कांहीं जातींनीं आपलें सारें भवितव्य एका लहानशा कुळाच्या हवालीं केलेलें आहे. आमच्या आजच्या लेखाचा विषय असलेलें फुलपांखरूं अशांपैकींच एक होय.

इंग्रजींत त्याला 'सदर्न बर्डविंग', म्हणजे दक्षिणेकडील पक्षिपंख, असें म्हणतात. मलयाळी भाषेंत मात्र त्याचें नांव गरुडशलभ असें आहे. संस्कृतांत शलभ म्हटला म्हणजे दिव्यावर झेंप घेणारा बिचारा पतंग डोळ्यांपुढें येतो. त्याला गरुडाची जोड देणाऱ्याच्या रसिकतेचें आम्हांला कौतुक वाटलें, व या लेखापुरतें तेंच नांव आम्हीं पत्करलें आहे. हें फुलपांखरूं जगाच्या पाठीवर केवळ दक्षिण भारतांत आढळतें, आणि सह्याद्रीचीं दमट रानें हें त्याचें मुख्य घर आहे. महाराष्ट्राच्या वांट्याला त्या घराची जणुं उत्तरेकडील ओसरी आली आहे. दक्षिण कोकण आणि त्याला लागून असलेला आंबोलीसारखा घाटमाथा येथें तें पाहावयास मिळतें. पसरलेल्या पंखांची रुंदी १४ पासून १९ सेंटिमीटरपर्यंत असते. इव्हान्स या अधिकाऱ्यानें १९३२ सालीं नोंदलेलें १९० मिलिमीटरांचें माप भारतांतील फुलपांखरांत ८८ वर्षें अजिंक्य राहिलें होतें. पुढें २०२० सालीं उत्तराखंडांतील डिडीहाट येथें याच्याच हिमालयांतील भाऊबंदांपैकीं एका मादीचें माप १९४ मिलिमीटर भरलें, आणि तो मान तिकडे गेला. पुढचे पंख काळ्या मखमलीचे, मागचे तापविलेल्या सोन्याच्या रंगाचे. सकाळच्या उन्हांत झाडांच्या शेंड्यांवरून हें संथपणें तरंगत जातांना दिसलें, म्हणजे पाहणाऱ्याला प्रथम पक्ष्याचाच भास होतो.

एवढ्या डौलदार जिवाचें सारें बालपण ज्या वेलीवर अवलंबून आहे, ती मात्र दिसावयास अगदींच सामान्य आहे. कोकणांत तिला सापसंद म्हणतात. ईश्वरी हें तिचें दुसरें नांव. वनस्पतिशास्त्रांत ती 'अॅरिस्टोलोकिया इंडिका' म्हणून ओळखली जाते. ही वेल, तिच्या एकदोन बहिणी, आणि दाट रानाच्या सांवलींत वाढणारें 'थोट्टिआ' नांवाचें त्याच कुळांतील एक झुडूप, यांपलीकडे गरुडशलभाच्या सुरवंटाला अन्न नाहीं. ईश्वरीची काडी बारीक, पानें साधीं, फूल लहान व फिकट. त्या फुलाची रचना मात्र चतुर आहे. तळाशीं फुगीर कुपी, वर अरुंद नळी, आणि नळींत आंतल्या बाजूस वळलेले केंस. वासानें आंत शिरलेल्या चिमुकल्या माशीला लगेच परत येतां येत नाहीं. परागाचें काम उरकलें म्हणजे केंस सुकतात आणि तिची सुटका होते. फळ पिकलें म्हणजे तें देंठाकडून उकलतें, आणि दोऱ्यांना टांगलेल्या इवल्याशा शिंक्याप्रमाणें वेलीवर लोंबत राहतें. त्या शिंक्यांतून चपटीं बीजें वाऱ्यावर विखुरतात.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. वेलीचें परागसिंचन माशी करते, बीज वारा नेतो. फुलपांखराकडून वेलीला कांहींच मिळत नाहीं. फुलपांखराला वेल हवी आहे, वेलीला फुलपांखरूं नको आहे. वेल राहिली आणि फुलपांखरूं गेलें तर वेलीचें कांहीं अडणार नाहीं. वेल गेली तर मात्र फुलपांखराला दुसरा आसराच उरत नाहीं.

ही वेल विषारी आहे, आणि त्या विषांतच या आश्रयाचें मर्म आहे. तिच्या सर्वांगांत 'अॅरिस्टोलोकिक' नांवाचें आम्ल असतें. सुरवंट पानांबरोबर तें गिळतो, पण मरत नाहीं. उलट तें स्वतःच्या शरीरांत सांठवितो. कोशांतून बाहेर पडलेल्या फुलपांखरांतहि तें उतरतें, आणि तोंड घालणारा शत्रु एकदां अनुभव घेऊन पुन्हां त्या वाटेला जात नाहीं. आपल्या बागेंत येणारीं, काळ्या पंखांवर लाल ठिपके असलेलीं 'रोज' जातीचीं फुलपांखरेंहि याच वेलीवर वाढतात व याच विषानें सुरक्षित राहतात. त्यांचा दरारा एवढा, कीं आरंभीं सांगितलेल्या कढीलिंबावरच्या किड्यांपैकीं एका जातीच्या कित्येक माद्या त्यांचाच वेष धारण करून फिरतात. कढीलिंब खाऊन त्यांच्या अंगीं विष कोठून येणार? म्हणून त्यांनीं केवळ पोशाख उसना घेतला.

आतां आमची चूक सांगतों. १९८५ च्या सुमारास आम्ही दक्षिण कोकणांतील घाटाच्या पायथ्याच्या एका शाळेंत संस्कृत शिकवीत होतों. एके वर्षीं शाळेंत औषधी वनस्पतींचें प्रदर्शन भरवावयाचें ठरलें व त्याची व्यवस्था आमच्याकडे आली. कोणतेंहि मूळ औषधावांचून नसतें, या आशयाचें जुनें सुभाषित आम्हीं वर्गांत मोठ्या उत्साहानें समजावून दिलें, आणि मुलांना सांगितलें कीं जो मुळासकट वनस्पति आणील त्यास अधिक गुण. आठवींतील एक मुलगा दुसऱ्याच दिवशीं ईश्वरीच्या वेलींचा भारा डोक्यावर घेऊन आला. मुळें लांबलचक, माती झाडून स्वच्छ केलेलीं. पानांवर काळसर तांबडे, अंगभर मांसल कांटे असलेले पांचसहा मोठे सुरवंट होते. मुलें किंचाळलीं. आम्हीं शिपायाला हांक मारून ते झाडून टाकविले. त्या मुलाला पहिलें बक्षीस म्हणून एक पुस्तक मिळालें, आणि तें आम्हींच त्याच्या हातांत दिलें.

बक्षिसाचा परिणाम व्हावयाचा तो झाला. पुढच्या वर्षीं दहा मुलांनीं ईश्वरी आणली, त्याच्या पुढच्या वर्षीं त्याहून अधिक. मुळें वाळवून गांवांत वांटलीं गेलीं. कोणीं तीं दारावर टांगलीं, कोणीं उगाळून ठेवलीं. पांचव्या वर्षीं मुलें रिकाम्या हातांनीं परत आलीं आणि म्हणालीं, "गुरुजी, टेकडीवर ती वेल आतां मिळत नाहीं." आम्हीं त्यांना दुसरी वनस्पति आणावयास सांगितलें. शाळेच्या मागच्या घाणेरीवर सकाळच्या सुमारास जें मोठें पिंवळें-काळें फुलपांखरूं येत असे, तेंहि त्या सुमारास येईनासें झालें. परंतु या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल असें आमच्या स्वप्नांतहि आलें नाहीं.

ज्या मुळासाठीं हा खटाटोप झाला, त्याची योग्यताहि आम्हांला पुढें कळली. अॅरिस्टोलोकिया या ग्रीक नांवाचा अर्थ सुखप्रसूति असा आहे. फुलाच्या कुपीचा आकार गर्भाशयासारखा, म्हणून ही वनस्पति बाळंतिणीला हितकर, असें युरोपांत शतकानुशतकें मानीत. आपल्याकडे तिच्यावर सर्पदंशाचें औषध म्हणून भिस्त ठेवली गेली. १९९० च्या दशकाच्या आरंभीं बेल्जम देशांत वजन उतरविण्याच्या एका उपचारांत याच कुळांतील एका चिनी वनस्पतीची भुकटी चुकून वापरली गेली, आणि शंभराहून अधिक रुग्णांचीं मूत्रपिंडें बिघडलीं. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. पुढें त्यांपैकीं अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. डॅन्यूब नदीच्या खोऱ्यांतील कांहीं खेड्यांत पिढ्यान् पिढ्या आढळणाऱ्या मूत्रपिंडाच्या विकाराचें कारणहि शेतांतील याच कुळाच्या तणांत सांपडलें. त्याचीं बीजें गव्हाबरोबर दळलीं जात होतीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालच्या ग्रंथांत या आम्लाची गणना मनुष्यास निश्चितपणें कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत केली आहे. राहतां राहिला सर्पदंश. २००० ते २०१९ या काळांत आपल्या देशांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें दगावलीं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसें यांच्या विषावर उतारा म्हणून रुग्णालयांत प्रतिविषाची लस मिळते. मूळ उगाळीत बसण्यांत जी घटका जाते तीच रुग्णाच्या प्राणाची घटका असते. तेव्हां आमच्या प्रदर्शनांतील त्या पाटीवर आम्हीं सुंदर अक्षरांत जें लिहिलें होतें, तें दोन्ही अंगांनीं चुकीचें होतें.

याच सुमारास सातासमुद्रांपलीकडे कांहीं शाळांत नेमकें उलट कार्य सुरू होणार होतें. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, क्वीन्सलंडच्या आग्नेय भागांत व त्याला लागून असलेल्या न्यू साउथ वेल्समध्यें, 'रिचमंड बर्डविंग' नांवाचें गरुडशलभाचेंच एक भाऊबंद फुलपांखरूं आहे. एकोणिसाव्या शतकांत तें ब्रिस्बेन शहराच्या रस्त्यांतहि विपुल दिसत असे. पुढें शेतीसाठीं, कुरणांसाठीं व वस्तीसाठीं सखल भागांतील दाट रानें तुटलीं, त्यांबरोबर ईश्वरीच्या कुळांतील तेथली रानवेल गेली, आणि फुलपांखरूं दुर्मिळ झालें. त्यांत आणखी एक संकट आलें. दक्षिण अमेरिकेंतून शोभेसाठीं आणलेली त्याच कुळांतील एक मोठ्या फुलांची वेल बागांतून पसरली होती. मादीच्या पायांना तिची चव आपल्या वेलीसारखीच लागे. ती तेथें अंडीं घाली, आणि बाहेर पडलेले सुरवंट तें पान खाऊन मरत. आईच्या जातिवंत ज्ञानालाच तेथें फसविलें गेलें होतें.

तेव्हां डॉन सँड्स नांवाच्या कीटकशास्त्रज्ञानें १९९२ पासून एका विज्ञानमंडळाच्या द्वारें शाळांतील मुलांना हातीं धरलें. मुलांनीं शाळांच्या आवारांत व घरच्या बागांत मूळची रानवेल लाविली, परदेशी वेल ओळखून उपटली, आणि फुलपांखरूं कोठें व केव्हां दिसलें त्याच्या नोंदी ठेवल्या. रोपवाटिकांनीं रोपें तयार केलीं. कांहीं ठिकाणीं वर्षानुवर्षें न दिसलेलीं फुलपांखरें परतलीं. काम येथेंच संपलें असें नाहीं. चार वेली येथें व चार वेली दहा कोसांवर असल्या, तर मधल्या मधल्या टोळ्या एकमेकींस भेटत नाहींत, जवळच्या नात्यांतच जोड्या जमतात आणि संतति दुबळी होते, असें आढळून आलें. म्हणून एका बागेपासून दुसऱ्या बागेपर्यंत, एका ओढ्यापासून दुसऱ्या ओढ्यापर्यंत वेलींची सांखळी जोडण्याकडे त्यांनीं लक्ष दिलें. हें वाचतांना आमचा जीव थोडा ओशाळला. मुलें तींच, उत्साह तोच; शिक्षकानें त्यांच्या हातीं कुदळ दिली कीं रोप, एवढाच फरक.

निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षीं तो आठवीतला मुलगा आम्हांला अचानक भेटावयास आला. आतां तो चाळिशीचा पोफळीबागाईतदार झालेला. बरोबर कॉलेजांत वनस्पतिशास्त्र शिकणारी मुलगी होती. आग्रह करून त्यानें आम्हांस आपल्या बागेंत नेलें. बागेच्या वरच्या अंगाला जुना गडगा आहे, आणि त्याच्या कडेनें वीसपंचवीस वावभर जागा त्यानें वर्षानुवर्षें कोयता न लावतां ठेविली आहे. गडग्यावर ईश्वरी पसरली होती. मुलीनें एक पान हलकेंच उलटून दाखविलें. तोच काळसर तांबडा, मांसल कांट्यांचा सुरवंट! आम्हांला शिपायाची झाडणी आठवली.

"वेल तर पार खाऊन टाकली आहे यानें," आम्ही म्हणालों.

मुलगी म्हणाली, "असूं दे, आजोबा. मूळ खालीं आहे ना? पाऊस पडला कीं पुन्हां फुटते."

आम्ही कांहीं वेळ तेथेंच उभे राहिलों. सुरवंट पानें खातो, प्रसंगीं काडीहि कुरतडतो, पण मूळ जमिनींत शाबूत राहतें, आणि पुढच्या पिढीची पंगत पुन्हां मांडली जाते. त्या किड्याला आम्हीं घाण म्हणून झाडून टाकलें होतें. वेल पुन्हां फुटणारच नाहीं अशी व्यवस्था मात्र आम्हीं स्वतः केली होती, आणि तीहि बक्षीस लावून. निघतांना तो गृहस्थ म्हणाला, "गुरुजी, तुम्हीं दिलेलें पुस्तक अजून घरांत आहे. पण त्या टेकडीचें देणें माझ्याकडे राहिलें होतें." आमच्याकडे किती राहिलें होतें तें आम्ही त्याला सांगूं शकलों नाहीं. त्या दिवशीं फुलपांखरूं कांहीं दिसलें नाहीं. केवळ एका काडीला रेशमी धाग्यानें अडकलेला, पाठ उकललेला रिकामा कोश दिसला.

आमच्या वाचकांपैकीं कोकणांत व घाटमाथ्यावर ज्यांचीं घरें आहेत, त्यांना आमची एवढीच विनंति आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास गडगा साफ करतांना ईश्वरीची वेल आढळली तर ती राहूं द्यावी. तिच्यावर सुरवंट दिसले तर औषध फवारूं नये. वेल उघडी झाली तरी ती मेलेली नसते. तिचें मूळ पोटांत घेऊं नये, लहान मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. लावावयाचीच असेल तर रानांतून उपटून न आणतां पिकलेल्या शिंक्यांतलीं बीजें आणून लावावीं, आणि शोभेची परदेशी वेल पाहून तीच ही असें समजूं नये. यांत पैसा लागत नाहीं आणि श्रमहि नाहींत. लागते ती एवढीच तयारी, कीं परसांतील एखादा कोपरा आपल्या उपयोगाचा नसला तरी चालेल.

तें सुभाषित आम्ही अजूनहि नातवंडांना सांगतों. मूळ औषधावांचून नसतें हें सांगितल्यावर सुभाषितकार शेवटीं म्हणतो, कीं ज्याचा उपयोग जेथें करावयाचा तेथें तो करणारा योजकच विरळा. तीस वर्षें आम्ही हा योजक म्हणजे वैद्य किंवा राजा असेंच समजावून देत आलों. हल्लीं त्या ठिकाणीं पोंचलों म्हणजे आम्ही अंमळ थांबतों, आणि नातवंडांना गडग्यावरच्या त्या सुरवंटाची हकीकत सांगतों.